शेजारच्या व्हिलातला बचावपटू

अबूधाबीला खलिफा सिटीत आम्ही राहायचो, त्या कंपाउंडमधल्या सगळ्या व्हिला एकसारख्या. शेजारी एक इटालियन जोडपं आलं. तो फुटबॉलपटू, बचाव फळीतला. तिकडे वर्षानुवर्षं खेळून कारकिर्दीच्या शेवटी इथल्या एका क्लबकडे आलेला.

आमचे हे कोल्हापूरचे, पेठेच्या फुटबॉल संघातून खेळलेले. एसीच्या कामावरून आले की थेट कुंपणाशी त्याच्याशी बोलत उभे. त्याच्या दोन्ही भुवयांवर टाक्यांचे व्रण होते.

"गोल करणारे पायाने खेळतात," तो कपाळावर बोटं आपटून सांगायचा, "मी याने."

हे हसायचे. मला मात्र ते आपटणं बघवत नसे.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. दार वाजलं, मुलगी आली असेल म्हणून बाहेर आले, तर हॉलमध्ये तो. आमच्या फ्रिजमधली बाटली काढून पाणी पीत होता. बूट काढून ठेवलेले.

"माझी बायको कुठे गेली?" त्याने मलाच विचारलं. आवाजात राग होता.

मग त्याची नजर भिंतीवरच्या गणपतीवर गेली आणि तिथेच थांबली. चेहरा पांढरा पडला. "सॉरी, सिन्योरा. सगळी घरं सारखीच," म्हणत तो अनवाणीच बाहेर पडला, तापलेल्या फरशीवरून.

बूट घेऊन मी त्याच्या बायकोकडे गेले. गंमत म्हणून सांगितलं, पण ती हसली नाही.

"आधी रात्रीच असं विसरायचा. आता दिवसासुद्धा," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, डोक्याने खेळणं बंद. हा म्हणतो, सीझन संपू दे."

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे तसेच त्याच्याकडे गेले. "भाई, खलास. आता पुरे," त्याला म्हणाले. त्याने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "शुक्रवारची मॅच होऊ दे. मग बघू, इन्शाल्ला."

मुलीला मी म्हटलं, मला काही ठीक दिसत नाही. "ही इज जस्ट टायर्ड, मम्मा," ती म्हणाली.

शुक्रवारी आम्ही त्याच्या बायकोबरोबर स्टेडियमवर गेलो. हवा इतकी दमट की श्वास जड व्हायचा. चेंडू वर उडाला की ती माझं मनगट घट्ट धरायची. उत्तरार्धात समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला आणि चेंडू थेट गोलसमोर आला. सगळ्यांच्या वर तो उडाला, आणि डोक्याने मारलेला चेंडू पार मधल्या रेषेपर्यंत गेला. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. हेही उठले.

खेळ पुढे सरकला, पण तो सरकला नाही. त्याने गोलचा खांब हाताने चाचपला, आत गेला आणि जाळीला टेकून खाली बसला.

"यल्ला, यल्ला!" गोलकीपर त्याला उठवायला ओरडत होता. तो मात्र त्याच्याकडे परक्यासारखा बघत राहिला.

त्याला बाहेर आणलं तेव्हा बायको धावत खाली गेली. तो काहीतरी बोलला. गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं, काय म्हणाला?

"मॅच कधी सुरू होणार, विचारत होता."

तो पुन्हा खेळला नाही. उन्हाळ्याच्या आधीच ती दोघं इटलीला परतली. हे त्यानंतर टीव्हीवर मॅच बघायचे, पण कोणी हेडर मारला की मान वळवायचे.

नव्या वर्षाला तिचा फोन आला. तो रोज सकाळी गावातल्या मैदानावर जातो, तीही मागोमाग जाते, थोडं अंतर ठेवून. सोबत चाललेलं त्याला आवडत नाही.

"बरा आहे ना तो?" मी विचारलं.

"आज बरा आहे," ती म्हणाली.