टेपबाईची मोजणी

गळ्यात मोजपट्टी नसली की तिला चुकल्यासारखं व्हायचं, म्हणून गल्लीने तिचं नाव टेपबाई पाडलं होतं. तीस वर्षं तिने लोकांचे ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवले, आणि कुणाचंही माप अर्ध्या बोटाने चुकलं नाही. काळजी करण्यात मात्र तिचा हात फार सैल होता. कोणी भाजी चिरायला बसलं की तिला त्याचं बोट आधीच कापलेलं दिसायचं.

लेक खाडीपलीकडच्या शाळेत शिकवायला लागली तेव्हापासून या काळजीला ऊत आला होता. लेकीला घरात बबडी म्हणत. संध्याकाळची लाँच बंद झाल्याने ती आठवडाभर तिकडेच अडकायची. मागच्या महिन्यात तर घरी यायच्या ओढीने ती रेती वाहणाऱ्या होडीत बसून अंधार पडता पडता आली होती. एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "बाबांची मोटर चालू करू या. होडी आहेच. मी रोज येईन-जाईन."

टेपबाईचा घास हातातच राहिला.

मोटर नऊ वर्षं मागच्या खोलीत लाकडी घोडीला टांगून होती. नवरा ती होडीला लावून माणसं पोचवायचा. एकदा पाणी खेचायच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी अडकली, मोटर तापली आणि भर खाडीत बंद पडली. ओहोटी त्याला घेऊन निघाली. धक्क्यावर उभं राहून टेपबाईने साडेचार तास नुसतं पाणी बघितलं. त्याला ओढून आणल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता पुरे." पुढे त्याची नजर अधू झाली आणि विषय मिटला. मोटरला तिने रेक्झिनची खोळ शिवली होती, अगदी मापात, खाली नाडी आवळून.

ती खोळ बबडीने उसवली तेव्हा आतून कुबट वास आला. नवऱ्याने बोटांनी चाचपलं. धातूवर पांढरी भुकटी धरली होती, स्क्रू गंजले होते.

"दमट हवा आतच कोंडली की गं!"

"धूळ बसू नये म्हणून शिवली होती."

"अगं, मोटर आहे ती, नवरीचा ब्लाउज नव्हे! जरा सैल ठेवायची."

मग नवरा खुर्चीवर बसून सांगायचा आणि बबडी करायची. प्लग काढून त्या भोकातून तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं आणि दोरी हळूच ओढून पाहिली. अडावी, असं टेपबाईच्या मनात होतं. पण मोटर फिरली. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. त्याची बारीक भोकं मोकळी करताना बबडीचा धसमुसळेपणा काही टेपबाईला बघवेना.

"दे इकडे. सुईच्या नेढ्यात पहार घालतेस का?" म्हणत तिनेच ती तारेने साफ केली. आपण कुणाच्या बाजूने काम करतोय, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

मोटर अंगणातल्या पिंपात बुडवून लावली. या घरात एक नियम होता. मोटर सुरू झाली की तिला थंड ठेवणारं पाणी बाजूच्या भोकातून धारेने पडतं. त्या धारेखाली घरातला पितळी मग धरायचा आणि तो वीस मोजायच्या आत भरला पाहिजे. मोजायचं काम पहिल्यापासून टेपबाईचं.

अकराव्या ओढीला मोटर धूर ओकत सुरू झाली. बबडी नाचायचीच बाकी होती. टेपबाई मोजत होती.

"चौतीस."

नवऱ्याने ताबडतोब मोटर बंद करायला लावली. पंपातला रबरी पंखा वाळून कडक झाला होता, दोन पाती तुटलेली. नवा पंखा यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस टेपबाईला छान झोप लागली.

नवा पंखा बसवून पुन्हा दोरी ओढली. पितळी मग अठराला भरला.

"किती?" नवऱ्याने विचारलं.

त्याला मग दिसत नव्हता. बबडीचं सगळं लक्ष मोटरच्या दांड्याकडे होतं. नुसतं 'तीस' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिचं माप त्या घरात कोणी कधी पडताळून बघितलं नव्हतं.

"परत मोजते," ती म्हणाली. पुन्हा अठरा. तिसऱ्यांदा सतरा.

"खाडी उपसतेस की काय? सांग ना!"

टेपबाईच्या डोळ्यांसमोर रेतीची होडी आली, काठापर्यंत पाण्यात बुडालेली. मोटर नाही म्हटल्यावर पोरगी थोडीच घरी बसणार होती? ती कुणाच्याही होडीत चढली असती, आणि तिथे मोजायला कोण होतं?

"अठरा," ती म्हणाली. "पण पहिल्या फेरीला मी बसणार."

"आई, तुला तर पाण्याची भीती वाटते!"

"वाटते ना. म्हणूनच बसणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाल्या. टेपबाई पुढे पाठ करून, मोटरकडे तोंड करून बसली. एका हाताने फळी घट्ट धरलेली, डोळे धारेवर. नवरा धक्क्यावरून काहीतरी ओरडत होता, ते तिने ऐकलं नाही.

"आई, वळून बघ, शाळा दिसते."

"तू बघ समोर. मी धार बघतेय."

खाडी बरीचशी ओलांडल्यावर धार एकदम बारीक झाली. "बबडे, धार! धार गेली!"

"गेली नाही गं. आलो आपण, मीच मोटर हळू केली."

होडी पलीकडच्या धक्क्याला लागली. टेपबाईने खांब धरला, पण ती बसूनच राहिली.

"उद्यापासून पोचलीस की फोन करायचा."

"करेन."

"निघतानाही."

"निघताना हात कामात असतात, आई."

"मग त्याच्या आधी कर," असं म्हणून ती एकदाची उठली.