सर्व्हरला लावलेला ऑटो

हिंगोलीत हळदीच्या एका अडत दुकानाचा सर्व्हर माझ्याकडे देखभालीला आहे. ऐन हंगामात तो असा रखडायचा की काट्यावरचं वजन डेटाबेसमध्ये चढेपर्यंत शेतकरी माझ्या नावानं खडे फोडायचे. शेवटी मी बायोस उघडला, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीची सेटिंगची स्क्रीन, आणि कपाळाला हातच लावला. प्रोसेसर वीजबचतीवर, पासवर्डचा पत्ता नाही, आणि कुणीही पेनड्राईव्ह खुपसून मशीन सुरू करावं. मी वीजबचत काढली, पेनड्राईव्हचा रस्ता बंद केला, पासवर्ड घातला. मशीन सुसाट पळायला लागलं.

जाता जाता आणखी एक केलं. लाईट सारखी जाते, यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली. म्हणून लाईट आली की सर्व्हर आपोआप सुरू व्हावा, असं सेटिंग लावलं. दुकानातल्या म्हाताऱ्या शिपाईकाकांना सांगितलं, "विहिरीवरच्या मोटारीला ऑटो लावता ना तुम्ही, तसंच."

काकांचा चेहरा उतरला. "ऑटो नका लावू, ताई."

"काहून?"

"न्हाई. दुसरं कायबी लावा."

आता यात काय भ्यायचं? मी हसून "बरं" म्हटलं आणि सेटिंग तसंच ठेवलं. काकांना वाटलं, मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. हळदीची धूळ कुठंही शिरते, म्हणून लाईट नसली की काका सर्व्हरचं झाकण काढून आतून फडक्यानं पुसतात. मी समोरच चहा पीत होते. तेवढ्यात लाईट आली आणि आतले पंखे एकदम घोंगावले. काकांनी हात असा ओढला की कोपर भिंतीवर आदळलं. ते खालीच बसले. बोटाला साधं खरचटलंही नव्हतं, पण माणूस लटलटा कापत होता.

"तुमी ऑटो काढला न्हवता?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी प्याल्यावर तेच बोलले. "माझा धाकटा भाऊ लाईट गेलेली बघून मोटारीची वायर जोडाया विहिरीत उतरला व्हता. ऑटो तसाच चालू, अन् लाईट आली. बोर्डापाशी कुणी उभं न्हवतं."

रोज या माणसाच्या हातचा चहा पिते मी, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

तिथंच बायोस उघडून मी ऑटो काढला. पुसायचं अर्धं राहिलं होतं, म्हणून सर्व्हर बंद केला. काकांनी फडकं उचललं, पण हात आत जाईना. मी उठले, मेन स्विच खाली केला, आणि त्यांचं पुसून होईपर्यंत त्यावर हात ठेवून बोर्डापाशी उभी राहिले.