न भुंकणारी कुत्री

बत्तीस कुत्री होती आणि एकही भुंकत नव्हतं. भर दुपारी अनोळखी बाई फाटकातून आत शिरली, तर एखाद्याने तरी घर डोक्यावर घ्यायला हवं. इथे पिंजऱ्यांच्या जाळीमागे तोंडं उघडत होती, मिटत होती, आणि बाहेर पडत होता नुसता वारा. फस्, फस्. वीस वर्षं जनावरांत काढलेली बाई मी, पण त्या अंगणात पाय पुढे टाकवेना.

ही २००५ च्या आसपासची गोष्ट. गोव्याच्या सीमेजवळ, आरोंद्याच्या बाजूला मी गुरांची डॉक्टर होते. सुहासभाई नावाच्या गृहस्थांची लॅब्राडोर कुत्री अडली होती, म्हणजे पिल्लू वाटेत अडकलं होतं. त्यांचं घर खाडीकाठी, वस्तीपासून लांब. माझा परिचर गोपाळ त्याच वाडीतला. तो कुंपणाशीच थांबला.

"बाय, थंय जाव नकात. ती देवचाराची शीम."

देवचार म्हणजे गावाच्या शीमेचा, हद्दीचा, अदृश्य राखणदार. त्याला रोट, म्हणजे जाड भाकरी, ठेवायची रीत आहे. वर्षभर त्या घराकडून फुसफुस ऐकू येत होती. देवचार रागावला, असं वाडीने ठरवलं आणि रोज एका घरची पाळी लावली. शीमेवरच्या दगडावर केळीच्या पानात ठेवलेला रोट सकाळपर्यंत नाहीसा व्हायचा. मला हे थोतांड वाटायचं. गोपाळला बाहेर ठेवून मी आत गेले.

पडवीतल्या टेबलावर ऑपरेशन केलं. भूल दिल्यावर श्वासाची नळी घालायला घसा उघडला, तेव्हा उलगडा झाला. स्वरतंतू कापलेले होते. आवाज ज्यातून निघतो त्या दोन पट्ट्या. काम सफाईदार होतं, म्हणजे माझ्याच व्यवसायातल्या कुणीतरी केलेलं. पोटावर आधीच्या सिझेरियनचे तीन व्रण होते. दोन पिल्लं जगली.

"घसा का कापलात?"

"मॅडम, आवाज झाला की लोक चौकशीला येतात," सुहासभाई शांतपणे म्हणाले. "हिला लवकर उभी करा. पुढच्या माजाला परत नराकडे लावायची आहे."

हात धुताना भिंतीवर नजर गेली. खिळ्याला कागद अडकवले होते. पिल्लू विकायला दुकानात जाण्याआधी तब्येतीचा दाखला लागतो, ते दाखले. सगळ्यांवर सही माझी. दीड वर्ष हा माणूस न्हाऊमाखू घातलेली पिल्लं टोपलीतून दवाखान्यात आणत होता आणि मी कौतुकाने सह्या ठोकत होते. ती कुठे जन्मली, हे एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच शिसारी आली.

सलाइन लावायला लागेल असं सांगून मी कुत्री आणि पिल्लं दवाखान्यात आणली आणि पोलिसांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आले. पण पंचनाम्याला दोन पंच हवेत, आणि शीम ओलांडायला वाडीतलं कोणी तयार होईना. बाहेरून माणसं आणेपर्यंत दुपार झाली असती. खाडीपलीकडे गोवा. कुत्री होडीत घातली की राज्य दुसरं, पोलीस दुसरे. सुहासभाईंची होडी घरामागे लागलेली दिसत होती.

"अहो, तो आवाज कुत्र्यांचाच आहे," मी वाडीच्या गावकरांना, म्हणजे मानकऱ्यांना, सांगितलं.

म्हातारे गावकर हसले. "डॉक्टरबाय, कुत्रो भुकता. फुसफुसता तो कुत्रो नाय."

पोलिसांना दाखवायला आदल्या दिवशीची कुत्री मी बरोबर आणली होती. मी जीपचं मागचं दार उघडलं. पोटाला पट्टी बांधलेली ती कुत्री पिल्लांजवळ पडली होती. एवढी माणसं बघून ती धडपडत उठली, पिल्लांच्या पुढे उभी राहिली आणि जीव तोडून भुंकली.

फस्. फस्. फस्.

वाडीतले लोक जागच्या जागी थिजले. वर्षभर हाच आवाज ऐकून ते दारं लावून घेत होते. "घसा आतून कापलाय तिचा," मी म्हणाले. गावकरांनी तिच्या घशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी नीट केली आणि शीमेवर उभं राहून देवचाराला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, तुका ओळखूक आमची चूक झाली, ती पोटात घाल. आज ह्या मुक्या जनावरांका सोडवूक आमी तुझी शीम वलांडतंव."

"व्हय म्हाराजा," मागून सगळे म्हणाले, आणि चालू लागले.

पाच कुत्री होडीत चढवून झाली होती. ती उतरवली. गोपाळ पिंजऱ्यांपाशी वाकून काहीतरी बघत होता. केळीचं पान आणि रोटाचा तुकडा.

"काल आमची पाळी होती," तो म्हणाला. "माझ्या बायलेन भाजललो." तो तुकडा त्याने उचलून पिंजऱ्यातल्या कुत्र्यापुढे धरला. "बरा झाला. कोणाच्या तरी पोटात गेलो."

कुत्री घरोघर गेली. काही महिनाभरातच मेली; पिंजऱ्याबाहेर चालायचं कसं, हेच त्यांना येत नव्हतं. सुहासभाई किरकोळ दंड भरून सुटले. मला कुणी काही विचारलं नाही. माझ्या सह्या कायदेशीर होत्या.

आता मी निवृत्त आहे, पण लोक अजून पिल्लं दाखवायला आणतात. मी म्हणते, दाखला देते, आधी याची आई दाखवा. विकायला पिल्लं आणणारे बहुतेक जण पुन्हा येत नाहीत.