तांबडीचा उजवा पाय

शर्यतींची अंतिम यादी सुट्टीच्या एक-दोन दिवस आधी येते आणि बुधवारपासूनच माझा पाय टेबलाखाली हलायला लागतो. हिंजवडीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "मॅम, माझा मॉनिटर हलतोय." मी पाय आवरला. दोन मिनिटांनी तो पुन्हा सुरू. माझा स्वभावच असा आहे, मला वाट बघता येत नाही. लिफ्टचं बटण चार वेळा दाबणारी बाई ती मीच. अशा बाईने घोड्यांच्या नादी लागावं यात नवल ते काय? पगारवाढीचा निकाल लागायला वर्ष जातं, घोड्यांचा दीड मिनिटात लागतो.

माहेर परभणीचं, त्यामुळे घोडा पाहिला तो वरातीतलाच. नोकरीसाठी इकडे आले आणि पहिल्या पावसाळ्यात ऑफिसातल्या पाचसहा जणांबरोबर पुण्याच्या रेसकोर्सवर गेले. शंभर रुपये लावले, ते गेले. बाकीचे समोसे खाऊन, फोटो काढून विसरून गेले. मी मात्र घरी येऊन रात्रीच्या वरणाला फोडणी देताना विचार करत होते की सात नंबरच्या घोड्याने शेवटच्या वळणावर का कच खाल्ली.

तेव्हापासून माझ्याकडे एक एक्सेल शीट आहे. कुठल्या शहरात कधी सीझन, कुठल्या शर्यतीत कोण, जायला किती वेळ, परत यायला किती, कुणाकडे उतरायचं. मुंबईची मावसबहीण समजते की मला तिची फार ओढ आहे. एका दसऱ्याला मी घरात म्हैसूरची टूम काढली. नवरा खूश, राजवाडा बघू, वृंदावन बघू. तिथे पोचल्यावर त्याला कळलं की म्हैसूरला रेसकोर्सही आहे आणि आपलं हॉटेल तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. त्याने कपाळावर हात मारला. "निदान दुसऱ्या कुठल्या पुरुषाच्या मागे नाहीस, एवढंच समाधान," म्हणाला.

पुरुषाच्या नव्हते, पण एका घोडीच्या मागे मात्र होते. तिचं रेसबुकातलं नाव मोठं इंग्रजी होतं. मी तिला तांबडी म्हणायचे. मुंबईच्या थंडीतल्या सीझनला ती पहिल्यांदा पळाली तेव्हा मी कठड्याशी उभी होते. अंगाने लहानखुरी, मागचा एक पाय पांढरा, आणि पळताना कान असे मागे टाकायची की कुणीतरी तिचा अपमान केलाय. तिसरी आली. त्या दिवसापासून माझी सगळी शीट तिच्याभोवती फिरायला लागली. पुढच्या तिन्ही शर्यती मी तिच्यासाठी गाठल्या. त्यातली एक गाठताना भाच्याचं बारसं चुकवलं, आणि नणंद अजून ते काढते.

ही सगळी बडबड ऐकून घेणारा माणूस होता आमच्या कंपनीच्या कॅबचा ड्रायव्हर. पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, कोळवणचे. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला म्याडम. दोन वर्षं रोज सकाळी आमच्या सोसायटीपासून ऑफिसापर्यंतचे चार किलोमीटर आम्ही पाऊण तासात कापायचो आणि त्या पाऊण तासात घोड्यांशिवाय दुसरा विषय नसायचा. काकांच्या दारात घोडी होती. त्यांच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवतात, तिच्या मागे बैल जीव खाऊन धावतात. त्यातली ही घोडी. काकांना भाव, टोट, जॅकपॉट या पैसे लावण्याच्या भानगडीतलं काही कळत नव्हतं आणि मला घोड्याच्या खुराला तेल कधी लावतात हे कळत नव्हतं. तरी आमचं जमायचं.

गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात यादी आली. रविवारी पुण्याला, चौथ्या शर्यतीत तांबडी. सगळे अंदाज तिच्या बाजूने होते. मी शुक्रवारी कॅबमध्ये बसल्या बसल्या काकांना सांगितलं, तर ते आरशातून बघत म्हणाले, "म्याडम, रविवारी माजी सोताची गाडी मोकळीच हाय. मला बी न्या की. इतकं ऐकतोय, एकदा डोळ्यानं बगू तरी."

भाडं ठरलं. मग माझं नियोजन सुरू झालं. काकांनी पौडवरून, घोटावड्यावरून साडेदहाला यायचं. अकराला निघायचं. वाकडचा पूल तुंबला तर बाणेरवरून, बाणेर तुंबलं तर देव आहेच. चौथी शर्यत साडेतीनची, म्हणजे तीनला पॅडॉकपाशी हवं. पॅडॉक म्हणजे शर्यतीआधी घोडे गोल फिरवून दाखवतात ते रिंगण. घोडा तिथे चालताना बघितल्याशिवाय पैसे लावायचे नाहीत हा माझा नियम. शनिवारी हे सगळं मी नवऱ्याला तीनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तू झोप."

रविवारी काका दहालाच हजर. पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, कपाळाला बुक्का. "भात निसवायला लागलाय, पाखरं लई. पोराला बसवून आलोय राखणीला," म्हणाले. मला भाताशी काय करायचं होतं? मी गाडीत बसले आणि घड्याळ बघायला लागले. वाकडला वीस मिनिटं गेली. विद्यापीठ चौकात अजून पंधरा. मी एवढ्या वेळा "काका, डावीकडून घ्या, डावीकडून" म्हणाले की शेवटी ते म्हणाले, "म्याडम, गाडी मी चालवू का तुमी?"

एवढं करून आम्ही साडेअकरालाच पोचलो. पहिल्या तीन शर्यती मी धड बघितल्याही नाहीत. इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. काका मात्र कठड्याला हात टेकून उभे होते, प्रत्येक घोडा जाताना तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत. "काय घोडं हायेत हो," एवढंच मला ऐकू आलं. त्यांना इतकं हरखलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तीनला पॅडॉकमध्ये चौथ्या शर्यतीचे घोडे आले. तांबडी रांगेत तिसरी. अंग चकचकत होतं, कान मागे. मला भरून आलं, खरंच. मी काकांना कोपराने ढोसलं. "तीच. ती बघा."

काका तिच्या पायांकडे बघत राहिले. तांबडीने एक फेरी पूर्ण केली, मग दुसरी. मग ते हळूच म्हणाले, "म्याडम, ही फुडचा उजवा पाय राखतीया."

"म्हणजे?"

"त्यो पाय टेकला की मुंडी वर करतीया, बगा. आता बगा. हां, आता. दुखतंय तिला."

मी बघितलं. काकांनी दाखवल्यावर मलाही दिसलं. उजवा पाय टेकला की डोकं अगदी जरासं वर, बाकी तीन पायांना तसं काही नाही. एकदा दिसल्यावर मग दुसरं काही दिसेचना.

"काका, इथे डॉक्टर असतात. तपासूनच सोडतात," मी म्हणाले.

"आसंल. पर नजरंतून सुटतंय की कवा कवा. ती मानसं उबी हायेत न्हवं थितं, टाय लावल्याली. सांगा की त्यास्नी. माजं कोन ऐकतंय हितं? तुमाला विंग्रजी येतंय."

ती माणसं आमच्यापासून पंधरा पावलांवर होती. त्यातले एक पशुवैद्य होते, हे मला माहीत होतं. मी त्यांना इतक्या वेळा बघितलं होतं. "सर, त्या घोडीचा पुढचा उजवा पाय एकदा बघता का?" एवढंच वाक्य. कदाचित हसले असते. कदाचित तिला पुन्हा एकदा चालवून बघितलं असतं आणि परत पाठवलं असतं. असं होतं कधीकधी, घोडा ऐनवेळी मागे घेतात, लोकांचे पैसे परत मिळतात, दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतही नाही.

आणि त्या वेळी माझ्या डोक्यात काय आलं, ते लिहायला आजही जड जातंय. माझ्या डोक्यात भाव आला. रेसकोर्सवर दहा वर्षं काढलेल्या माणसाला कुणी काहीही सांगितलं तरी ती टिपच वाटते. सगळ्यांचा पैसा तांबडीवर होता, म्हणून चार नंबरच्या काळ्या घोड्याला चढा भाव मिळत होता, एका रुपयाला आठ. तांबडी जिंकणार नाही हे त्या गर्दीत फक्त दोघांना माहीत होतं. आणि ती मागे घेतली गेली, तर काळ्याचा भाव त्याच मिनिटाला कोसळणार होता.

"डॉक्टर असतात हो काका," मी पुन्हा म्हणाले, हसले सुद्धा, आणि बुकींच्या बाजूला निघाले. निघाले कसली, पळालेच. भाव उतरायच्या आत पोचायचं होतं.

शर्यत चौदाशे मीटरची. घोडे वळणावर येईपर्यंत मी शांत होते. सरळ पट्ट्यात काळा पुढे आला आणि मी ओरडायला लागले, चार नंबर, चार नंबर, चल, चल. आजूबाजूचे लोक तांबडीच्या नावाने ओरडत होते, मग एकदम त्यांचा आवाज बसला. मला वाटलं, ती मागे पडली असेल. काळा दोन घोड्यांच्या अंतराने जिंकला. मी दोन्ही हात वर करून उड्या मारल्या. मग शेजारी बघितलं तर काकांनी टोपी काढून हातात घेतली होती.

शेवटचं वळण संपून सरळ पट्टा सुरू होतो तिथे तांबडी उभी होती. जॉकी खाली उतरून तिचा लगाम धरून होता. पुढचा उजवा पाय तिने टेकवलेला नव्हता, आणि तो जसा लोंबत होता तसा पाय लोंबत नसतो. ती ओरडत नव्हती. घोडी ओरडेल असं मला का वाटलं होतं, कोण जाणे. गाडी आली, माणसं उतरली, त्यांनी तिच्याभोवती हिरवा पडदा धरला. स्पीकरवरून पाचव्या शर्यतीची वेळ सांगितली. ज्या घोडीसाठी मी वर्षभर शहरं पालथी घातली, तिचा पाय मोडला त्या क्षणी मी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

पडदा काढला तेव्हा आत फक्त बंद दाराची गाडी होती. काका म्हणाले, "चला म्याडम." मी म्हणाले, "पुढे व्हा, आलेच." आणि पैसे घेऊन आले. हेही केलं.

परतताना मला एका जागी बसवेना. काच खाली केली, वर केली, पट्टा काढला, लावला. काका मध्येच एकदा म्हणाले, "इलाज नसतो मग. पाय गेला की घोडं ठिवत न्हाईत." वाकडच्या पुलावर गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, अशीच अडकून राहावी, घर येऊच नये.

सोसायटीच्या फाटकाशी उतरल्यावर मी पर्स उघडली. काकांनी हात पुढे केला नाही.

"ऱ्हाऊ द्या आज भाडं," ते म्हणाले. "तुमचं तिच्यावर लई गेलं आसंल. आनि वाईट वाटून घिऊ नका. तुमचा जीव व्हता तिच्यावर. जीव आसला की मानसाला तिचं दुखनं दिसत न्हाई. मी सांगितलं तरी तुमाला पटलं न्हाई, त्यात तुमचा काय दोष?"

मान डोलावली असती तरी भागलं असतं. खरंच सांगते, मी मान डोलावणारच होते. पण पर्समध्ये ते नोटांचं पुडकं होतं आणि समोर हा माणूस, पोराला राखणीला बसवून आलेला, दिवसभराचं डिझेल सोडून द्यायला निघाला होता.

"काका, मी तिच्यावर लावलेच नाहीत," मी म्हणाले. "चार नंबरवर लावले. तुम्ही सांगितल्यावर."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मागून एका गाडीने हॉर्न दिला. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"म्हंजी तुमाला पटलं व्हतं."

मग त्यांनी हात पुढे केला, ठरलं होतं तेवढं भाडं घेतलं, आणि गाडी वळवली.