पृथ्वीतर्फे पाणी

बाळांनो, अख्ख्या पृथ्वीची लाज एकट्याच्या खांद्यावर वाहणारा माणूस आपल्या आचऱ्यात राहतो, आणि तो तुमच्या आजोबांचा मावसभाऊ आहे. मी त्यांना भावजी म्हणते. उडत्या तबकडीचा जो जुना, काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा तुम्ही मागे मला टीव्हीवर लावून दिलात, तो बघायला ते दर रविवारी दुपारी धुतलेला सदरा घालून येतात. इंग्रजी त्यांना येत नाही. मी शेजारी बसून प्रत्येक वाक्य मराठीत सांगते. आता त्यांना ते पाठ झालंय, पण अर्धवट काही मला चालत नाही. तबकडी उतरते, परग्रहावरचा पाहुणा भेटवस्तू घेऊन बाहेर येतो, आणि एक घाबरलेला सैनिक त्याच्यावर गोळी झाडतो. इथे भावजी मान खाली घालतात. "वयनी, पावणो इतक्या लांबसून इलो आणि तेका कोणी पाणी इचारूक नाय! आमी माणसां काय ही?" मग घरून आणलेला पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा टीव्हीपुढे ठेवून, देवळात घालतात तसं उभ्याने गाऱ्हाणं घालतात: "बा देवा म्हाराजा, ह्या पृथ्वीवरच्या लेकरांका समज नाय, चुकला माकला पोटात घाल रे म्हाराजा!" यावर ऐकणाऱ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. भावजी थांबून माझ्याकडे बघतात. मी चष्मा पुसते. टीव्हीसमोर होकार भरायचं तेवढं बाकी होतं! सोमवारी मुंग्या मात्र मीच झाडते.

गेल्या महिन्यात त्यांच्या परसात, मिरच्यांच्या वाफ्यात, आभाळातून काहीतरी घोंघावत उतरलं. चार पंख, लाल दिवा. आणि त्या सैनिकाला इतके रविवार नावं ठेवणाऱ्या आमच्या भावजींनी त्याच्यावर मासे पागायचं जाळं फेकलं आणि वल्ह्याने ते ठेचून काढलं. मी कुंपणाच्या गडग्यापलीकडून ओरडेपर्यंत सगळं आटोपलं होतं. किनाऱ्यावरून एक पर्यटक मुलगी धावत आली. भरकटलेला ड्रोन तिचा होता. "सॉरी हं आजोबा, तुम्ही घाबरलात," तीच म्हणाली, आणि जाळ्यातले तुकडे वेचू लागली. भावजींच्या हातातलं वल्हं सुटेना. ती वळणाशी पोचल्यावर त्यांना कंठ फुटला: "गो चेडवा, पाणी तरी पिऊन जा!" तिला ते ऐकू गेलं नाही.

त्यानंतर भावजी रविवारी यायचे बंद झाले. मी एकटीने सिनेमा लावून पाहिला, पण कोणाला सांगायचं नसेल तर मलाही तो समजत नाही असं दिसलं. शेवटी तांब्या आणि गूळ घेऊन मीच त्यांच्याकडे गेले. ते पायरीवर जाळं मांडीवर घेऊन बसले होते.

"तो सैनिक मीच, वयनी. आता खंयच्या तोंडान बघू?"

"गाऱ्हाणं घाला," मी म्हटलं.

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठी."

ते उठले, मोडलेल्या मिरच्यांकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा..." पुढचं काही येईना. मी चष्म्याला हात लावला नाही. मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा."

भावजी अजून आलेले नाहीत. डिसेंबरात तुम्ही विमानाने, म्हणजे आकाशातूनच उतरणार, तर आधी त्यांच्या दारात जा. ते तांब्या पुढे करतील. आमच्याजवळ पाण्याची बाटली आहे, असं म्हणू नका.