तुपाबरोबर घ्यायची गोळी

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. हसाल तुम्ही, ते मला माहीतच आहे. आमच्या गल्लीत अजून हसतात! चुका कुणाच्या हातून होत नाहीत? पण एका नायट्यापायी सगळं घर, सगळी गल्ली आणि वर राधानगरीची नणंद कामाला लावणारी बाई अख्ख्या कोल्हापुरात मी एकटीच असेन.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. घरात चौघं. मी, भांड्यांचं दुकान चालवणारे आमचे हे, दहावीतली लेक वैशाली आणि माझ्या सासूबाई. सासूबाई निपाणीकडच्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना कानडी पद्धतीनं अव्वा म्हणायचो. आवाज असा, की त्या घरात कुजबुजल्या तरी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जावं!

त्या पावसाळ्यात माझ्या कमरेला, बरोबर परकराची नाडी बसते तिथं, नायटा उठला. कपडे वाळायचे नाहीत, तसेच दमट नेसायचे, दुसरं काय होणार? खाज तर अशी, की पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे धरून उभी असले तरी हात तिकडंच धावायचा. पण सांगणार कुणाला? आदल्याच महिन्यात शेजारच्या अक्काताईंना मी तोंडावर सुनावलं होतं, "नायटा पारोशा माणसाला होतो, अक्काताई!" आता कुठल्या तोंडानं बोलू?

मग काय! औषधाच्या दुकानातून गुपचूप एक ट्यूब आणली. चोळली की चार दिवस गप्प. सोडली की पुन्हा हजर, आणि येताना सोबत्यांना घेऊन! चार महिन्यांत बटणाएवढा नायटा पुरीएवढा झाला आणि पाठीकडं चालू लागला. शेवटी "जरा बरं वाटत नाही" एवढंच घरात सांगून मी एकटीच डॉक्टरीणबाईंकडं गेले.

ह्या आमच्या घरच्याच डॉक्टर. सर्दीपासून सगळं बघायच्या, पण नाव मोठं ते बाळंतपणासाठी. आमची वैशाली त्यांच्याच हातची. हे लक्षात ठेवा, घोळ इथंच झाला.

"ट्यूब कुणी सांगितली?" त्यांनी विचारलं.

"मीच लावली."

"वा! मग डॉक्टर तूच की. उठू का मी खुर्चीवरनं?"

मग प्रश्नांची फैर. कावीळ झाली होती का? दुसरी कुठली गोळी चालू आहे का? पाळी कधी आली? दिवस राहिलेले नाहीत ना?

"अहो बाई, लेक दहावीला आहे माझी!"

"त्याचा ह्याच्याशी काय संबंध? ही पोटात घ्यायची गोळी पोटुशी बाईला अजिबात चालत नाही. म्हणून विचारते. नीट सांग."

नाही म्हटल्यावर त्यांनी चिठ्ठी लिहिली. ग्रिसिओफुल्विन! नाव उच्चारेपर्यंतच निम्मी खाज थांबेल. रोज जेवणाबरोबर घ्यायची, आणि जेवणात तूप किंवा साईचं दूध पाहिजेच. नुसत्या भाकरी-भाजीवर ती नीट अंगी लागत नाही म्हणे. सहा आठवडे घ्यायची, खाज थांबली तरी मध्ये सोडायची नाही. मळमळलं, डोकं दुखलं तर येऊन सांगायचं. तीन आठवड्यांनी रक्त तपासायचं. नाडी घट्ट बांधायची नाही, सैल कपडे घालायचे, टॉवेल आणि अंथरूण वेगळं ठेवायचं.

घरी आले, तर अव्वा दारातच.

"काय म्हणाल्या गं डाक्टरीणबाई?"

"काही नाही अव्वा. रोज तूप-दुधाबरोबर एक गोळी घ्यायला सांगितलीय. रक्त तपासायचंय. आणि... कुणाला सांगू नका इतक्यात."

अव्वांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग गालातल्या गालात हसल्या आणि म्हणाल्या, "बस गं पोरी. पाणी मी भरते."

अव्वा पाणी भरणार? सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! मला वाटलं, माझा चेहरा फारच उतरलेला दिसतोय.

दुसऱ्या दिवशी मी साडी सोडून गाऊन घातला. माझं अंथरूण वेगळं घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गोळीनं जरा मळमळलं. आता तुम्हीच सांगा, सैल गाऊन, वेगळं अंथरूण, तूप-दूध आणि सकाळची मळमळ. बघणाऱ्यानं काय समजायचं? पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त नायटा!

चौथ्या दिवशी आमचे हे भर दुपारी दुकान बंद करून घरी आले. माझ्यासमोर बसले, घसा खाकरला.

"मला आधी सांगायचं न्हाय व्हय?"

"लाज वाटली हो."

"लाज कसली त्यात? आलंय ते आलंय."

"आलंय, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा आठवड्यांत जाईल."

ह्यांचा चेहरा पांढराफटक. "जाईल? आणि का घालवायचं? राहू दे की!"

"राहू दे? अहो, रोज वाढत चाललंय!"

"वाढणारच की! वाढायलाच पायजे!"

मी ह्यांच्याकडं बघतच राहिले. नायटा वाढायला पाहिजे म्हणणारा नवरा बघितलाय का तुम्ही?

"अव्वांना कळलं तर घर डोक्यावर घेतील," मी म्हटलं.

"अव्वांनीच तर मला सांगितलं."

"त्यांना कसं कळलं? बघितला कधी त्यांनी?"

"बायकांना न बघता कळतंय म्हणं," एवढं बोलून हे लाजले आणि दुकानाकडं पळाले.

म्हणजे नायट्याचं घरात सगळ्यांना कळलं होतं तर! आणि तरी कुणी नाक मुरडलं नाही, कुणी पारोशी म्हणालं नाही. काय सांगू तुम्हाला, माझे डोळे भरून आले. असलं सासर मिळायला भाग्य लागतं!

आणि लाड तरी किती! राधानगरीच्या नणंदेनं घरच्या म्हशीच्या तुपाचा डबा एसटीनं पाठवला. वैशाली न सांगता भांडी घासायला लागली. रोज दुपारी अव्वा स्वतः वरणभातावर तुपाची धार धरायच्या आणि गोळी माझ्या हातावर ठेवायच्या. एक दिवस अक्काताई पदराखाली झाकून कच्च्या चिंचा घेऊन आल्या. मला वाटलं, चिंचेनं रक्त शुद्ध होत असेल. मीठ लावून खाल्ल्या. छान होत्या.

तीन आठवडे झाले. तपासणीला निघाले, तर अव्वा इरकली लुगडं नेसून तयार. हातात पेढ्यांचा पुडा.

"अव्वा, तुम्ही कशाला?"

"आता न्हाय यायचं तर कवा यायचं?"

दवाखान्यात बाकावर आमच्याच पेठेतल्या सात-आठ बायका. नंबर आला. आत गेल्या गेल्या अव्वांनी पुडा टेबलावर ठेवला आणि त्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तोंड गोड करा. पोरगा असूंदे न्हायतर पोरगी, आमची काय बी तक्रार न्हाय!"

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन थांबलं. "कुणाला?"

"हिला की!"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. तशी नजर मी त्यांच्या डोळ्यांत कधी बघितली नव्हती. "सुनंदा! मी तुला काय विचारलं होतं? पोटुशी आहेस आणि तीन आठवडे ती गोळी गिळतेयस?"

"नाही हो बाई, मी कुठं..."

"लाजतीया," अव्वांनी समजावलं.

"गोळी बंद! आत्ताच्या आत्ता बंद!"

अव्वा दचकल्या. "का वो बाई? बाळाला वाईट हाय व्हय ती?"

"वाईट? गरोदर बाईनं हात लावायचा नाही त्या गोळीला!"

अव्वा मटकन खाली बसल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "शिवा शिवा! माझ्या हातानं दिली की वो मी! रोज तूप घालून दिली!"

त्यांचं ते रडणं मला बघवेना. मी ओरडले. उभ्या जन्मात एवढा मोठा आवाज मी काढला नव्हता. "अव्वा, बाळ नाही! नायटा आहे! मला नायटा झालाय, नायटा!"

बाहेरच्या बाकावरच्या बायका उठून दाराशी आल्या.

बाईंनी कुणावरच विश्वास ठेवला नाही. एक छोटी बाटली हातात देऊन मला तपासणीला पाठवलं. अर्धा तास अव्वा डोळे मिटून जप करत बसल्या. बाळ असावं म्हणून की नसावं म्हणून, ते मी अजून विचारलेलं नाही. उत्तर आलं, नाही. तेव्हा कुठं बाई खुर्चीत मागं टेकल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांनी पुडा सोडून एक पेढा तोंडात टाकला, आदल्या दिवशी तपासलेल्या रक्ताचा कागद बघून गोळी पुढं चालू ठेवायला सांगितलं.

अव्वांनी माझा नायटा चष्मा लावून नीट बघितला. तीन आठवड्यांत तो बराच मावळला होता. म्हणाल्या, "एवढूसा हाय की गं! एवढ्यासाठी मी चुलीवर दूध आटवत बसले व्हय?" दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र "खाज गेली, आता कशाला गोळी," असं मी म्हटल्यावर त्यांनीच डोळे वटारले. "डाक्टरीणबाई सहा आठवडे म्हणाल्यात न्हवं? घे गुमान!" पुरे सहा आठवडे त्यांनी गोळी चुकू दिली नाही. नायटा गेला, तो पुन्हा आला नाही.

गल्लीचं काय विचारता! जे मी घरच्यांपासूनही लपवलं, ते बाकावरच्या बायकांनी संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचवलं. ज्यांना आधी गोड बातमी कळली होती, त्या चौकशीला वेगळ्या आल्या. त्यांना दारात उभं राहून मलाच नायटा समजावून सांगावा लागला. अक्काताईंनी तर हळूच कानात विचारलं, "उरल्यात का गं चार गोळ्या?" मी म्हटलं, "उरल्या तरी देणार नाही. आधी जाऊन ते सतरा प्रश्न ऐकून या!"

चार वर्षांनी वैशालीला बघायला कबनूरहून पाहुणे यायचे होते. घराला रंग दिला होता, मी नवी साडी नेसून खिडकीशी उभी. गाडी कोपऱ्यावर थांबली, पाहुण्यांनी गिरणीवाल्याला पत्ता विचारला. आणि त्या गड्यानं सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं सांगितलं, "कोण, नायट्याच्या काकू व्हय? डाक्टरीणबाईंच्या गोळीनं बऱ्या झाल्या त्या! सरळ जावा की पावणं, डाव्या हाताला दुसरं घर!"

खिडकीतच मला घेरी यायची बाकी होती. पाहुणे आले, बसले. मी खाली मान घालून पोह्यांच्या बशा फिरवल्या. मुलाच्या आईनं बशी घेतली, पण माझा हात सोडला नाही. मला जवळ ओढून कानाशी म्हणाल्या, "विहीणबाई, त्या डाक्टरीणबाई किती वाजेपतोर असत्यात वो?"