वेलांटीबाईंची दुरुस्ती

छापखान्यात त्यांना तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'वेलांटीबाई'. त्यांना दोन्ही नावं ठाऊक होती आणि दोन्हींचं काही वाटत नव्हतं. एकवीस वर्षं त्या तिथे मुद्रितं तपासत होत्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत त्या सख्ख्या बहिणीचीही गय करत नसत. 'किल्ली शेजारी दीली आहे' अशी चिठ्ठी धाकटीने एकदा दाराला लावून ठेवली होती. बाईंनी आधी वेलांटी दुरुस्त केली आणि मग किल्ली मागायला गेल्या.

बसून काम करणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. हातात कागदांची चळत, कानावर हिरवं पेन आणि खिडकीपासून कपाटापर्यंत येरझारा. खुर्चीवर त्यांची पिशवी बसलेली असे. बाई दिवसाकाठी एक गाव चालतात पण पोचत कुठेच नाहीत, असं मालक म्हणत.

दहावीनंतर वडील गेले आणि शाळा तिथेच सुटली. पुढचं सगळं ज्ञान त्यांनी मुद्रितांतून वेचलं. राजांच्या सनावळ्या, पक्ष्यांची स्थलांतरं, धर्मसंस्थापकांची चरित्रं, धूमकेतूंच्या शेपट्या, सगळं तुकड्यातुकड्यांनी. कधी एखाद्या साम्राज्याचा उदय त्यांच्याकडे येई आणि अस्ताची पानं दुसऱ्या छापखान्यात जात. अशा वेळी त्या चार दिवस बेचैन असत. मग वाचनालयात जाऊन ते साम्राज्य एकदाचं बुडवून येत.

त्यांचा सगळ्यात लाडका ग्रंथ म्हणजे मास्तरांचा. हे मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी सामान्यज्ञानाचं सातशे पानी पुस्तक लिहिलं होतं: इतिहास, निसर्ग, धर्म आणि आकाश. पाच आवृत्त्या खपल्या, सहावी छापून तयार होती. वाचनालयांतल्या प्रश्नमंजूषा त्यावरूनच काढल्या जात. आणि इतक्या वर्षांत त्यात शुद्धलेखनाची एकही चूक कुणाला सापडली नव्हती. बाई हे स्वतःहून कुणाला सांगत नसत, पण कुणी विषय काढला तर थांबवतही नसत.

एका सोमवारी दुपारी छापखान्याच्या पत्त्यावर एक पत्र आलं. लिहिणारा घड्याळं दुरुस्त करणारा होता. वाचनालयाच्या स्पर्धेत विचारलं होतं, शुक्राला जास्त वेळ कशाला लागतो, स्वतःभोवती फिरायला की सूर्याभोवती? त्याने 'स्वतःभोवती' असं उत्तर दिलं. परीक्षकांनी मास्तरांचं पुस्तक उघडून ते चूक ठरवलं आणि सभागृह हसलं. घड्याळजीने तक्रार केली नव्हती. त्याने फार अदबीने एवढंच लिहिलं होतं की, मी आजवर वाचलं ते उलट आहे, तरी आपण हा आकडा कुठून घेतला ते कळवावं. माझी चूक असेल तर मी मान्य करीन.

बाईंनी पुस्तक काढलं. पान चारशे बारा. 'शुक्राला स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला २२५ दिवस लागतात आणि सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पुरी करायला २४३.' त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी वाचनालयात तीन ग्रंथ पाहिले. तिन्हींत आकडे उलटे होते. घड्याळजी बरोबर होता.

मास्तर चुकले, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना वाईट वाटलं. पण ती अदलाबदल त्यांना कुठेतरी ओळखीची वाटत होती. दुसऱ्या दिवशी माळ्यावर चढून त्यांनी मास्तरांच्या हस्तलिखिताचा गठ्ठा खाली काढला आणि सुतळी सोडली.

मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: गिरकीला २४३, प्रदक्षिणेला २२५. दोन्ही आकड्यांभोवती हिरव्या शाईचे गोल होते, अदलाबदलीची खूण होती आणि समासात बाईंच्या अक्षरात दोन शब्द होते. 'उलट झालंय.'

मग सगळं आठवलं. गिरकी प्रदक्षिणेपेक्षा लांब कशी असेल, हे त्यांच्या साध्या हिशोबात बसलं नव्हतं. शंका आली तर लेखकाला विचारायचं, हा छापखान्याचा नियम. पण तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. 'आता सगळं तुमच्या भरवशावर,' असं सांगून ते गेले होते. म्हाताऱ्या माणसाची एवढीशी चूक कशाला उघडी पाडायची, म्हणून बाईंनी ती परस्पर सावरली होती. त्या दिवशी त्यांना स्वतःचा अभिमानही वाटला होता.

पुढचे दोन दिवस त्यांच्या जिवाला चैन पडली नाही. एकच पान त्यांनी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यातली एक ढळढळीत चूक तशीच सुटली. घरी त्या भाजी चिरायला बसत आणि अर्ध्यात उठून गॅलरीत जात. धाकटी म्हणाली, छापील पुस्तकात एक आकडा चुकला म्हणून ग्रह काही आपली वाट सोडत नाही. मालकांचा सल्ला आणखी सोपा होता: पुढच्या आवृत्तीत गुपचूप बदलू, झाकली मूठ सव्वा लाखाची.

शुक्रवारी सकाळी बाईंनी गठ्ठा पिशवीत घातला आणि मास्तरांचं घर गाठलं.

दार सुनेने उघडलं. बाई कोण, कुठल्या, हे कळल्यावर ती जरा घुटमळली. पुस्तकाचा विषय काढू नका, असं तिने हळूच सांगितलं. बाबा नऊ वर्षांत त्याबद्दल बोललेले नाहीत. दुसरा भाग लिहायला घेतला होता तोही बासनात गुंडाळून ठेवला. का, ते कुणालाच कळलं नाही.

मास्तर खिडकीशी बसले होते. चौऱ्याऐंशीचे, काटकुळे, हातात दांडीचं भिंग. बाईंना त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि बसायला सांगितलं. बाई बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. वाटेत जुळवून ठेवलेलं एकही वाक्य आठवेना.

"मास्तर, शुक्राचा आकडा तुम्ही बरोबर लिहिला होता. तो मी बदलला."

मास्तर खिडकीकडून त्यांच्याकडे वळले. म्हणाले, "परत सांगा."

बाईंनी परत सांगितलं. मग मास्तर खिडकीबाहेर बघत तुटक तुटक बोलू लागले. डोळे बरे झाल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात छापील प्रत वाचायला घेतली होती. चारशे बाराव्या पानावर ते थबकले. हाच प्रश्न घालून त्यांनी तीस वर्षं वर्गावर वर्ग चकवले होते, आणि तोच आपण उलटा लिहिला! त्यांची खात्री पटली की डोकं दगा देऊ लागलंय. मग सातशे पानांत आणखी काय काय उलटं असेल? त्यांनी पुस्तक मिटलं ते मिटलंच. दुसरा भाग तत्त्वज्ञानाचा होता. त्याच्या पहिल्याच प्रकरणात प्रश्न होता, आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक आहे हे कशावरून ठरवायचं. तो प्रश्न लिहिणारा हातच त्यांना खोटा वाटू लागला.

"हस्तलिखित का नाही मागितलंत?" बाईंनी विचारलं.

"माझ्याच अक्षरात उलटं निघालं असतं तर?"

बाईंनी गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पान काढून दिलं. मास्तरांनी भिंग लावलं. एकेक आकडा बोट ठेवून वाचला. मग समासातली हिरवी अक्षरं वाचली. भिंग त्यांनी खाली ठेवलं.

"एक पोस्टकार्ड टाकायचं होतंत."

"हो."

"नऊ वर्षं, बाई."

"हो."

"आता तुम्ही जा."

बाई जिना उतरल्या. क्षमा मागायची राहूनच गेली, हे रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं. परत वर जावं की नाही या विचारात त्यांनी त्या इमारतीला दोन फेऱ्या घातल्या आणि शेवटी तडक छापखान्यात आल्या.

एका ठिकाणी परस्पर शहाणपणा केला, तसा आणखी कुठे केला असेल? त्यांना दुसरं काही सुचेना. आठ दिवस त्यांनी हस्तलिखितावरची हिरवी शाई पानोपान तपासली. वेलांट्या सोडून मजकुरालाच हात लावलेल्या एकतीस जागा सापडल्या. अठ्ठावीस ठिकाणी दुरुस्ती बरोबर होती. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी मोठं, असं मास्तरांनी घाईत लिहिलं होतं. तिथे बाईंनी 'लहान' केलं होतं. पण शुक्राखेरीज आणखी दोन जागी त्यांनी घोळ घातला होता. 'शंभर वर्षांचं युद्ध एकशे सोळा वर्षं चाललं' या वाक्यातले एकशे सोळा खोडून त्यांनी शंभर केले होते. आणि समुद्रघोड्याच्या जातीत पिल्लांना जन्म नर देतो, हे वाचून त्यांनी बिनदिक्कत 'मादी' केलं होतं. तिन्ही चुकांचं मूळ एकच. जे विचित्र दिसलं ते खोटं, असं त्या धरून चालल्या होत्या.

एकतीस जागांची यादी त्यांनी मास्तरांना टपालाने पाठवली. चिठ्ठीत क्षमा मागितली, दोनच ओळींत. मग मालकांपुढे जाऊन सांगितलं की शिल्लक प्रतींत दुरुस्तीची पट्टी चिकटवायची, आणि 'या चुका लेखकाच्या नसून मुद्रितशोधकाच्या आहेत' असं तिच्यावर छापायचं.

"बाई, असं कुणी छापत नाही."

"मग आपण छापू."

मालक हसले, मग चिडले, मग म्हणाले की चिकटवायला मी माणूस देणार नाही. बाईंनी चार दिवस एकटीने पट्ट्या चिकटवल्या. तेवढे दिवस त्या एका जागी बसलेल्या पाहून छपाईवाल्यांना त्यांची तब्येत बिघडल्यासारखं वाटलं.

वाचनालयातही त्या गेल्या. चिटणीस म्हणाले, झालं गेलं, सोडून द्या. बाईंनी सोडलं नाही. पुढच्या स्पर्धेच्या सुरुवातीला त्यांनी स्वतः उभं राहून खरा आकडा सांगितला आणि चूक कुणाची तेही सांगितलं. घड्याळजी मागच्या रांगेत होता. नंतर तो दाराशी भेटला. बाईंना वाटलं, तो आभार मानील. तो म्हणाला, त्या दिवसानंतर मी हात वर करायचं सोडलंय, आता पुन्हा सवय लावायला लागेल. एवढं बोलून तो निघून गेला. बाईंना ते बरेच दिवस बोचत राहिलं.

महिनाभर मास्तरांकडून काही कळलं नाही. रोज टपाल आलं की बाई सगळ्यांच्या आधी उठून बघत. शेवटी सुनेचा फोन आला. बाबांनी बोलावलंय.

बाई गेल्या तेव्हा त्यांची यादी टेबलावर होती आणि तिच्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. तुमच्या अठ्ठावीस बरोबर दुरुस्त्यांपैकी चार मला मान्य नाहीत, असं मास्तरांनी आल्या आल्या सांगितलं. दुपारभर वाद झाला. दोन बाईंनी मागे घेतल्या, दोन मास्तरांनी मान्य केल्या. क्षमेचा विषय कुणीच काढला नाही. निघताना मास्तर म्हणाले, कपाटातलं ते बासन जरा खाली काढा, माझा हात पुरत नाही.

दुसऱ्या भागाला अडीच वर्षं लागली. मास्तर सांगत, बाई उतरवून घेत. शंका आली की हिरव्या पेनाने फक्त प्रश्नचिन्ह काढत आणि तोंडाने विचारत. कधी कधी मास्तर वैतागून म्हणत, एवढंसुद्धा विचारता? बाई म्हणत, हो. शेवटचं प्रकरण सुरू असताना मास्तर आजारी पडले आणि पंधरा दिवसांत गेले. प्रकरणाच्या चार ओळी झाल्या होत्या. पाचवी 'म्हणून माणसाने' इथे थांबली होती.

मालक म्हणाले, बाई, तुम्ही अडीच वर्षं त्यांचं ऐकलंय, वाक्य तेवढं पुरं करून टाका. अर्धं वाक्य छापलं तर लोक चूक समजतील. बाईंनी तीन दिवस ते पान घेऊन खोलीत येरझारा घातल्या. ते वाक्य कसं संपलं असतं, हे त्यांना ठाऊक आहे असं वाटत होतं. एकदा एका तऱ्हेने वाटे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. चौथ्या दिवशी त्यांनी पान होतं तसं छपाईला दिलं. 'माणसाने'च्या पुढे पूर्णविरामही दिला नाही.

पुस्तक आल्यावर पहिली प्रत त्यांनी सुनेच्या हातात दिली. तिने शेवटचं पान उघडलं, वाचलं आणि विचारलं, "पुढे काय म्हणायचं होतं बाबांना?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. एवढं अवघड वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कधी निघालं नव्हतं. सुनेने चहा टाकते म्हणून बसायला सांगितलं, पण त्या तोवर चपला घालत होत्या.